टोचणीपासून मापाच्या पिशवीपर्यंत

बेळगावच्या टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान मराठी माणसाला ठाऊक आहे ते महामेळाव्यांमुळे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिथली जुनी झाडे ठाऊक आहेत. पण ज्या कामावरून त्या जागेला हे नाव पडले, ते काम आता फारसे कोणाला आठवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे देवीची लस तयार होत होती. आधी ती मुंबई इलाख्याला पुरवली जाई. पुढे देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून वाळवलेली लस बनवणाऱ्या देशातल्या चार संस्थांपैकी बेळगावची एक होती. इथून खानापूरच्या रस्त्याला लागले की उद्यमबाग, पिरनवाडी आणि मग मच्छे. हा पट्टा कारखान्यांचा आणि शेतीचा, आणि आता शहरात विरघळत चाललेल्या गावांचा. इथल्या माणसांचा दवाखान्याशी संबंध येतो तो बहुतेक वेळा डॉक्टरच्या आधी एका नर्सबाईशी: लस टोचणारी, बाळंतपण करणारी, सलाईन लावणारी, केसपेपर भरणारी. रुग्णाची सुरक्षितता हा विषय आज परिषदांत, मानांकनांत आणि भिंतीवरच्या फलकांत चर्चिला जातो, आणि तो गेल्या पंचवीस वर्षांत परदेशातून आला असे धरले जाते. मला तसे वाटत नाही. या एका रस्त्याच्या आजूबाजूचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. सर्वांत खालच्या पायरीवर काम करणाऱ्या हाताला न दिसणारा धोका जेव्हा साधनाने आणि नोंदीने दिसू लागला, तेव्हा रुग्ण सुरक्षित झाला. त्या हाताला नुसते बजावले किंवा दटावले, तेव्हा फारसे काही बदलले नाही.

सुरुवात लशीपासूनच करू. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातले पाणी पुढच्या मुलाला, त्याच्या फोडातले तिसऱ्याला, अशी ही साखळी चाले. एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडाकडे जाणारी ही पद्धत अनेक दशके टिकली. टोचलेले मूल आठवड्याने पुन्हा हजर करावे लागे, म्हणजे त्याच्या फोडातून इतरांना टोचता येई. आईबाप ते मूल लपवत, गाव सोडून जात. सरकारी अहवालांत या टाळाटाळीला अज्ञान आणि जातीचा विटाळ अशी नावे मिळाली. त्यात जातीचा भाग होता, हे नाकारायचे कारण नाही. पण परक्या मुलाच्या अंगातले पाणी आपल्या मुलाच्या अंगात जाणार ही भीती वैद्यकीयदृष्ट्या पोकळ नव्हती. या मार्गाने उपदंशासारखे रोग पसरू शकतात, हे युरोपात इटलीतल्या रिवाल्टा गावच्या १८६१च्या घटनेने उघड केले होते. लस तीच, टोचणारा प्रामाणिक, तरी निरोगी मुले आजारी पडली, कारण फोडातल्या पाण्यात आणखी काय आहे हे कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हते. वासराच्या कातडीवर वाढवलेली, ग्लिसरीनमध्ये घोटलेली लस आली तेव्हा तो प्रश्न मुळातच उरला नाही. टोचणाऱ्याला अधिक सावध राहा असे सांगण्याची गरजच संपली, कारण धोक्याचा रस्ताच बंद झाला. बेळगावचा डेपो उभा राहिला तो या बदलाच्या पोटी. रुग्णाच्या कुरकुरीत माहिती असते, ही गोष्ट तेव्हा कोणी मान्य केली नाही; आजही वॉर्डात ती सहज मान्य होत नाही.

दुसरा धडा प्लेगने दिला. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ दोन वर्षांत हुबळी, धारवाड, बेळगावच्या पट्ट्यात पसरली होती, आणि १८९८ मध्ये हुबळीत हाफकिन यांची प्लेगची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या माल्कोवाल गावी अनर्थ झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. बाटली मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेतली. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन निलंबित झाले. टोचण्याच्या वेळी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटलीचे बूच काढायला वापरला गेला, ही साक्ष कागदोपत्री होती. तरी तिला वजन मिळायला आणि हाफकिन दोषमुक्त ठरायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉससारख्यांना त्यासाठी लंडनच्या वृत्तपत्रांत लिहावे लागले. या प्रकरणाकडे बहुधा एका शास्त्रज्ञावरच्या अन्यायाची कथा म्हणून पाहिले जाते. मला त्यात दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सत्य बाहेर आले ते बाटलीवर ५३-एन हा क्रमांक होता म्हणून, आणि कोणत्या बाटलीतून कोणाला टोचले याचा माग लागत होता म्हणून. क्रमांक नसता तर १९ मृत्यू लशीच्याच खात्यावर जमा झाले असते आणि चिमट्याचा विचार कोणीच केला नसता. दुसरे असे की दोष कोणाचा, या एकाच प्रश्नात पाच वर्षे गेली. जमिनीवर पडलेला चिमटा पुन्हा वापरावा लागू नये यासाठी जवळ दुसरा का नव्हता, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. नर्सच्या हातून चुकीचे औषध गेले की आजही पहिला प्रश्न ड्यूटीवर कोण होते हाच असतो. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या एकाच ट्रेमध्ये का ठेवल्या होत्या, हा प्रश्न विचारलाच तर नंतर.

व्हॅक्सिन डेपोच्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा काळ १९६०-७०च्या दशकांतला आहे. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा टोचणाऱ्याच्या हातात दोन कमकुवत गोष्टी होत्या. एक, पातळ लस. ती उन्हात काही दिवसांत निकामी होई, आणि निकामी झालेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच असे. पिशवीत बर्फ वितळल्यावर निपाणीच्या किंवा खानापूरच्या खेड्यात पोचलेला माणूस मनापासून टोचत राही आणि त्या टोचण्याने काहीच साधत नसे. दुसरी, गोल दातेरी लॅन्सेट: दांड्याच्या टोकाला बारीक दात असलेली चकती, जी लशीच्या थेंबावर टेकवून कातडीवर फिरवायची. हात जड पडला की जखम मोठी होई, चिघळे, मुलाला ताप भरे, आणि पुढच्या खेपेला दारे बंद होत. गोठवून वाळवलेल्या लशीने पहिली अडचण सोडवली. ३७ अंश तापमानात महिनाभर ठेवूनही तिची ताकद टिकली पाहिजे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष होता. हे पाळणे सोपे नव्हते. भारतीय संस्थांच्या सुरुवातीच्या काही खेपा या कसोटीला उतरल्या नव्हत्या, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासणी होऊ लागल्यावर दर्जा सुधारत गेला. कारखान्यात दर्जा तपासला गेला म्हणून गावातल्या हाताचे श्रम फुकट जायचे थांबले.

दुसरी अडचण सोडवली दोन टोकांच्या सुईने. ही सुई बेंजामिन रुबिन यांनी अमेरिकेत बनवली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती भारतात आली. बोटभर लांबीची पोलादी काडी, टोकाला काटाचमच्यासारखे दोन बारीक दात. लशीत बुडवली की दातांमध्ये बरोबर हवा तेवढाच थेंब अडकून राहतो. ती दंडावर सरळ उभी धरून पंधरा वेळा पटापट टोचायची. रक्ताचा बारीकसा ठिपका उमटला म्हणजे काम झाले. शिकायला दहा-पंधरा मिनिटे पुरत. लागणारी लस पूर्वीच्या चौथाईवर आली. त्याहून मला मोलाची वाटते ती तिच्या सोबतची छोटी डबी. निर्जंतुक केलेल्या सुया तिच्यात भरलेल्या असत आणि डबी हलवली की एका वेळी एकच सुई बाहेर येई, म्हणजे बाकीच्या सुयांना हात लागण्याचा प्रश्नच येत नसे. वापरलेल्या सुया दुसऱ्या डब्यात जात आणि संध्याकाळी उकळल्या जात. स्वच्छ आणि अस्वच्छ यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हा नियम माणसाच्या स्मरणशक्तीवर न सोडता डब्याच्या रचनेतच बसवला होता. मग आठवड्याने पाहणी करणारा येई, तो टोचणाऱ्यापेक्षा वेगळा माणूस असे, आणि दंडावर फोड धरला की नाही ते मोजून लिही. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय तपासणीत मान्य झाले. टोचणारी माणसे दहा वर्षांत अचानक अधिक सज्जन झाली नव्हती. त्यांच्या हातातले साधन, लशीचा दर्जा आणि मागून होणारी मोजणी हे बदलले होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शुश्रूषा ही सेवाभावावर उभी आहे, तिला यंत्रासारखे साधनांत आणि मोजमापात बसवणे म्हणजे तिचा प्राण काढून घेणे, असे अनेकांना मनापासून वाटते. मराठी समाजात या भावनेमागे मोठा वारसाही आहे. सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात रुग्ण आणताना स्वतः आजारी पडून १० मार्च रोजी गेल्या. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने हिंदू घरांतल्या बायकांना, त्यांत विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले, आणि परपुरुषाला हात लावण्याच्या कामावरून लोकांचे बोल सहन केले. सीमाभागापासून जवळ, मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाने नर्स घडवल्या, आणि बेळगावहून रेल्वेने मिरजेला उपचारासाठी जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी शिस्तीची शुश्रूषा पहिल्यांदा तिथे पाहिली. या बायकांचा त्याग खरा होता. पण त्यांच्या संस्थांकडे बारकाईने पाहिले तर त्यांनी त्यागावर काम सोपवून दिलेले दिसत नाही. सेवासदनाचा आग्रह प्रशिक्षणाचा, परीक्षेचा आणि प्रमाणपत्राचा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आपण दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून घेतो. तिने मात्र १८६३च्या शाही आयोगासाठी हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांकडून आलेल्या आकड्यांचे ढीग उपसले आणि सैनिक लढाईपेक्षा घाण पाणी, गटारे आणि गर्दीच्या बराकींनी मरतात हे मांडले. ज्यांच्या नावाने आपण सेवाभाव सांगतो त्याच मोजणाऱ्या होत्या. आणि सेवाभावाची एक काळी बाजूही आहे: तो गृहीत धरला की नेमणुका करायच्या राहतात. १९४६च्या भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० नर्स, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, अशी स्थिती नोंदवली. त्या एकीच्या सेवाभावाची कितीही स्तुती केली तरी ४३,००० माणसांची शुश्रूषा झाली नसती.

देवी गेली आणि टोचणाऱ्यांचा धंदाही संपला. १९७३च्या कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या रोगांच्या कामगारांना बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी करण्याची शिफारस केली. टोचणाऱ्याची पिशवी पुढे उपकेंद्रातल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-सुईण असलेल्या बाईच्या खांद्यावर आली. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण, १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण. जबाबदारी वाढत गेली, पण एका बाबतीत आपण मागे गेलो. सुईच्या डबीने जे शिकवले होते ते काचेच्या सिरिंजच्या काळात विसरले गेले. सिरिंज वीस मिनिटे उकळायची, हा नियम प्रत्येकीला पाठ होता. पण स्टोव्ह पेटायला रॉकेल हवे, भांडे हवे, आणि बाहेर पन्नास माणसे रांगेत असताना वीस मिनिटे हवीत. २००२-०३ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत ६२.९ टक्के इंजेक्शने असुरक्षित आढळली. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे कावीळ-बी पसरली, तेव्हा या आकड्यामागची माणसे दिसली. लसीकरणात हा धोका मोठ्या प्रमाणात संपवला तो एकदा वापरल्यावर आपोआप अडकून बसणाऱ्या सिरिंजने. सार्वत्रिक लसीकरणात तिचा वापर २००५ पासून सुरू झाला. दट्ट्या एकदा खाली गेला की पुन्हा वर येत नाही. वापरायचे ठरवले तरी वापरता येत नाही. लशीच्या कुपीवरचा रंग बदलणारा चौकोनही त्याच जातीचा: उष्णता लागली की आतला पांढरा चौकोन गडद होत जातो, आणि पातळ लशीच्या काळात जे कोणालाच दिसत नव्हते ते आता बाईला कुपी उचलताच दिसते.

आता बेळगाव जिल्ह्यानेच जगाला दिलेल्या गोष्टीकडे येतो. बाळंतपणानंतर अति रक्तस्राव होऊन बाई दगावणे हे मातामृत्यूंचे जगभर सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. खेड्यातल्या बाळंतपणात किती रक्त गेले हे सांगायची रीत म्हणजे किती लुगडी भिजली. अनुभवी सुईणीचा आणि अनुभवी डॉक्टरचाही अंदाज इथे फसतो, कारण रक्त कपड्यात मुरते, पाण्यात आणि गर्भजलात मिसळते, आणि हळूहळू जाणारे रक्त नजरेला कमीच वाटते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर २००० नंतरच्या वर्षांत यावर एक साधे साधन वापरले: प्लॅस्टिकचा एक पारदर्शक कपडा. मूल बाहेर आल्यावर तो बाळंतिणीच्या खाली सरकवायचा, वरच्या बंदांनी तिच्या कमरेला बांधायचा; खालचे टोक निमुळते होत पिशवीसारखे लोंबते आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त खाली उतरते आणि रेषेवर वाचता येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे ज्या बाईचे ६०० मिलिलिटर रक्त गेले, तिचे ४०० गेले असे समजून सगळे निर्धास्त राहण्याची शक्यता होती. आणि धोक्याची रेषा ५०० ची आहे.

या मापाच्या आधारावर सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत जो प्रयोग झाला, त्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात राहील. १,६२० बाळंतिणी, आणि बाळंतपणे करणाऱ्या २५ एएनएम. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात. डॉक्टर जवळ नाही, फ्रिज नाही. निम्म्या बायकांना मूल झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कोणाला काय मिळाले हे देणारीलाही माहीत नव्हते. अति रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला आणि गंभीर रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर; दर अठरा बायकांना गोळ्या दिल्यावर एकीचा रक्तस्राव टळत होता. थंडी वाजणे आणि ताप हे दुष्परिणाम दिसले, पण ते ओसरणारे होते. औषध नसलेल्या गोळ्या का दिल्या, असा नैतिक प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की त्या गावांत तेव्हा अशा बाळंतपणात कोणतेच औषध देण्याची पद्धत नव्हती, आणि गोळी खरोखर उपयोगी आहे की अपायकारक, हे कळल्याशिवाय ती सगळ्यांना देणे हाही धोकाच होता. माल्कोवालच्या १९ मृत्यूंनंतरच्या शतकात आपण एवढे शिकलो आहोत की चांगला हेतू पुराव्याची जागा घेत नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मापाच्या पिशवीची कल्पनाही पुढे गेली: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत ती लगेच करायच्या उपचारांच्या ठरीव संचाबरोबर वापरली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे आणि त्यातून येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलेले दिसले.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा सर्वांत कणखर पुरावा मात्र लपवून चालणार नाही, आणि तोही याच राज्यातून सुरू होतो. सुरक्षित बाळंतपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने केलेली तपासयादी २०१० मध्ये कर्नाटकातल्या एका तालुका पातळीवरच्या प्रसूतिकेंद्रात प्रथम आजमावली गेली. हात धुणे, ताप पाहणे, रक्तदाब घेणे, मूल आईजवळ ठेवणे अशा २९ आवश्यक गोष्टींपैकी सरासरी १० होत होत्या, त्या २५ वर गेल्या. सगळ्यांना आनंद झाला. मग उत्तर प्रदेशातल्या १२० केंद्रांत दीड लाखाहून अधिक बाळंतपणांवर तिचा मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निकाल आला. पद्धती सुधारल्या होत्या, पण माता आणि बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि मार्गदर्शन करणाऱ्यांच्या भेटी कमी झाल्यावर सुधारणाही ओसरू लागली. यावरून काहीजण म्हणतील की यादी, नोंद, साधन हे सगळे थोतांड. पुरेशा नर्स, रक्तपेढी आणि डॉक्टर द्या, बाकी आपोआप होईल. मला या निकालाचा अर्थ वेगळा लागतो. कागदावरची यादी हे साधन नव्हे. ती आठवण आहे. रक्तदाब पाहा असे ती सांगते, पण रक्तदाब वाढलेला निघाल्यावर द्यायचे औषध कपाटात नसेल तर ती तिथेच संपते. दोन टोकांच्या सुईने कामातली पायरीच बदलली होती, पिशवीने न दिसणारे दाखवले होते, आणि आफ्रिकेतल्या रुग्णालयांत पिशवीच्या जोडीला हाताशी औषध होते. बेळगावच्याच दुसऱ्या एका प्रयत्नातून हेच दिसते: न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायला ५९९ सुईणी, नर्स आणि डॉक्टरांना बाहुलीवर शिकवले, तेव्हा मृत जन्मांचे प्रमाण ३.० वरून २.३ टक्क्यांवर आले, पण जन्मल्यावरच्या महिनाभरातले बाळांचे मृत्यू घटले नाहीत. जेवढ्या गोष्टीसाठी हात तयार केला होता तेवढीच सुधारली. मनुष्यबळाचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. रात्रपाळीला एका नर्सकडे तीस रुग्ण असतील तर कोणतेही साधन तिला दुसरी नर्स बनवू शकत नाही. फक्त एवढेच की मनुष्यबळ येईपर्यंत थांबा, हे उत्तर बेळगावच्या २५ एएनएम बायकांनी १,६२० बाळंतपणांत खोडून काढले आहे.

सीमाभागात एक धोका आणखी आहे, ज्यावर वैद्यकीय ग्रंथांत फारसे लिहिलेले सापडत नाही: भाषेचा. १ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचे राजकारण या लेखाचा विषय नाही. पण वॉर्डात त्याचा परिणाम रोज होतो. पिरनवाडीतल्या वृद्ध बाईच्या घरात मराठी, सरकारी सूचनेवर कन्नड, औषधाच्या पाकिटावर इंग्रजी, आणि ड्यूटीवरची सिस्टर कधी उत्तर कर्नाटकातली, कधी केरळची. गोळी अर्धी की एक, जेवणाआधी की नंतर, पाय सुजले तर परत यायचे की नाही, हे तिला समजले असे गृहीत धरून घरी पाठवणे म्हणजे लुगड्यावरून रक्त मोजण्यासारखेच आहे. भाषेचा प्रश्न काढला की वाद पेटेल, म्हणून तो आरोग्यात नको, असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांची काळजी मला कळते. पण रुग्णाने सूचना आपल्या भाषेत परत बोलून दाखवावी आणि नर्सने ती ऐकावी, यात कोणत्याच भाषेचा अपमान नाही. मराठी रुग्णासाठी मराठीत आणि कानडी रुग्णासाठी कानडीत छापलेली, चित्रांची एक पट्टी औषधाबरोबर देणे ही राजकीय मागणी नाही. सिरिंजच्या दट्ट्याइतकीच ती कामाची गोष्ट आहे. चार्ज देताना एका पाळीच्या नर्सने दुसरीला रुग्ण कोणत्या भाषेत बोलतो हे सांगितले आणि केसपेपरवर तेवढा एक शब्द लिहिला, तर खर्च काहीच नाही.

दर्जा सुधारण्याच्या कार्यशाळा आता नर्सिंगच्या प्रत्येक महाविद्यालयात होतात, आणि त्यांत अमेरिकेत १९९९ मध्ये निघालेल्या अहवालापासून सुरुवात केली जाते, ज्यात तिथल्या रुग्णालयांत चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे मरतात असा अंदाज होता. तो अहवाल महत्त्वाचा आहे. पण व्हॅक्सिन डेपोपासून काही किलोमीटरवर शिकणाऱ्या मुलींना सुईची डबी, ५३-एन क्रमांकाची बाटली आणि मापाची पिशवी यांची माहिती आधी व्हायला हवी. गोळ्यांच्या त्या प्रयोगावरच्या २००६च्या प्रसिद्ध शोधनिबंधावर डॉक्टर आणि संशोधकांची नावे आहेत; ज्यांनी रात्री-अपरात्री खेड्यांतल्या घरांत कपडा बांधला, गोळी दिली, रेषेवरचा आकडा वाचून लिहिला, त्या २५ जणींची नावे लेखकांत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणी आता निवृत्त झाल्या असतील. त्यांनी काय पाहिले, कुठे अडले, बाळंतिणीच्या सासूला पिशवी कशी समजावली, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेण्याचे काम बेळगावच्या नर्सिंग महाविद्यालयांनी आणि मराठी-कानडी दोन्ही भाषांतल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी लवकर हाती घ्यावे.